तोंडावाटे काही दिलंत?

इंदू गेली त्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आतडं अडकलं होतं. आणायला उशीर झाला." भिकाजींनी नुसती मान हलवली. साधा वात समजून आपणच बायकोला दोन दिवस एरंडेल पाजलं, हे ते बोलले नाहीत.

वर्षभराने त्यांच्या लेकीचं, रत्नाचं पोट तसंच फुगलं. उलट्या थांबेनात. भिकाजी तिच्या सासरी पोचले, तोच सासू एरंडेलाची वाटी घेऊन आली. "व्याहीबुवा, उगाच घाबरता. एका जुलाबात मोकळी होईल."

भिकाजींनी वाटी मोरीत ओतली आणि लेकीला रिक्षात घातलं.

तालुक्याच्या त्याच दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचं लहान यंत्र खाटेपाशीच आणलं. "आतडं फुगलंय," पडद्यावरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "आतलं पुढे सरकत नाही, जागच्या जागी हिंदकळतंय. तोंडावाटे काही दिलंत?"

"पाणीसुद्धा नाही."

"बरं केलंत, काका. ऑपरेशन लगेच करावं लागेल."

नाकात नळी घातलेल्या रत्नाने त्यांचा हात घट्ट धरला. "बाबा, आईच्या वेळी हे यंत्र इथे नव्हतं का हो?"

"होतं," एवढंच ते म्हणाले.

स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं. बाकीचं तिला सांगायचं राहिलं.