बटणाएवढी ठकी

"ताई, ठकीला हात नका लावू, ती चार्ज होतेय."

मी हात मागे घेतला. ठकी हे माझं घरचं नाव. बाबा गेल्यापासून ते कोणाच्याच तोंडी नव्हतं. त्यांचा चष्मा न्यायला मी प्रयोगशाळेत आले होते आणि त्यांची विद्यार्थिनी एका बटणाएवढ्या सेलला ठकी म्हणत होती. बाबांबरोबरच्या माझ्या सगळ्या संध्याकाळी या खोलीने नेल्या होत्याच, आता नावही.

"हे नाव कोणी ठेवलं?"

"सरांनीच. बाकीच्या सेलना नुसते नंबर आहेत. सेलमधल्या कार्बनच्या साध्या सूक्ष्म नळ्या वीज घेतात आणि लवकर गमावतात. आम्ही त्यांना नायट्रोजन जोडला, तेव्हा ही एकटी टिकली. सर म्हणाले, 'ही आमची ठकी. एकदा बोट धरलं की सोडायची नाही.'" ती हसली. "तुमच्याकडे मांजर होतं का हो?"

"ठकी म्हणजे मी."

तिचं हसू विरलं. सेलकडे बघत ती हळूच म्हणाली, "मला तर सर शेवटपर्यंत आडनावानेच हाक मारायचे."