जिची तिची कड

लीलाबाईंनी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला आणि फोन वाजला. पडद्यावर शिवांजलीचं नाव होतं.

"घे," त्यांचे यजमान, निवृत्त फौजी लालासाहेब, ताटावरून मान वर न करता म्हणाले. "तुझा वर्ग चार ते पाच, अन् हिचा दिवसभर. पलटणीतबी एवढी ड्यूटी आमी केली न्हाई."

लीलाबाई मलकापुरातल्या घरी बसून फोनवरच्या व्हिडिओ वर्गात चाळीस बायकांना गोधडी शिवायला शिकवत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "मला आई समजा, कवाबी फोन करा." एकोणचाळीस जणींनी ते ऐकून सोडून दिलं. कवठे महांकाळच्या शिवांजलीनं ते खरं धरलं.

"काकू, सासूबाई परत बोलल्या. चिंध्या घेऊन बसती म्हणं." ती रडत होती. "तुमीच आमच्या ह्यांना फोन करा. तुमचं ऐकतील."

मागच्या आठवड्यात लीलाबाईंनी तिच्या सासूला फोन केला होता. त्याच संध्याकाळी सासूनं कापडांचं गाठोडं चुलीत घातलं.

लीलाबाईंना आपल्या आईचं अंगण आठवलं. चार बायका, एक गोधडी, जिची तिची कड ठरलेली. एकीचा हात दुसरीच्या कडेत गेला, की आई काही न बोलता तेवढे टाके उसवायची. टाके कितीही सुबक असोत.

"न्हाई करणार," लीलाबाई म्हणाल्या. "मागं केला, तोबी करायला नको हुता. चुकलं माझं."

"मग मी कुणाला सांगू?"

"इस्लामपुरात तुझी सख्खी भन हाय, तिला सांग. नवऱ्याला तू सांग. मला गोधडीचं विचार, चार ते पाच. तीन आठवडं झालं, तुझा एक टाका बघितला न्हाई मी."

"तुमीबी तसल्याच निघाला," शिवांजली म्हणाली. फोन बंद झाला.

चारच्या वर्गात ती नव्हती. साडेचारला पडद्यावर तिचा चौकोन उघडला. हातात पुरुषाच्या जुन्या सदऱ्याचा तुकडा, त्यावर धावदोऱ्याची एकच ओळ. वाकडी.

"आता दुसरी घाल," लीलाबाई म्हणाल्या. "पहिलीला धरून."

पाचला वर्ग संपला. सात मिनिटांनी फोन वाजला. तेच नाव.

लालासाहेबांनी पेपर खाली केला. गोधडीवर वाकलेल्या लीलाबाईंच्या बोटात सुई घुसली. फोन वाजायचा थांबेपर्यंत त्यांनी ते बोट तोंडात धरलं. मग पुढचा टाका घातला.