रस शंभर टक्के

अठ्ठावीस पडदे शिवायची ऑर्डर. खिडकीतला चालू रेडिओ. मोबाईलवर आयुष्यात पहिल्यांदा भरलेला धंद्याचा अहवाल.

दुसऱ्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या आपांना बिनव्याजी पतसंस्थेच्या सचिवांचा फोन आला.

"आपा, कर्जावर मागितलेलं तुमचं दुसरं शिलाई मशीन अडकलं. अहवालात शंभर टक्के व्याज दिसतंय! आपण व्याज घेतही नाही, देतही नाही."

"तोबा! मी कशाला व्याज लिहू? तुमच्या ॲपनं विचारलं, रस किती टक्के? मी म्हटलं, शिवणकामात शंभर."

"अहो, रस म्हणजे इंटरेस्ट. इंटरेस्ट म्हणजे व्याज!"

"मग सरळ व्याज लिहायला बोटांना मुंग्या आल्या होत्या का? कोण हा विद्वान? पाठवा इकडे, चांगली मापं घेते त्याची."

सचिव खाकरले. "जाऊ द्या, मी तिथे शून्य टाकतो. मशीन उद्या तुमच्या दारात."

"आणि तो विद्वान?"

"त्याला मी समज देतो."

ॲपमधल्या शब्द न् शब्दाचं भाषांतर सचिवांनी उन्हाळ्यात, शब्दकोश मांडीवर घेऊन, स्वतः केलं होतं.