वेगळा स्विच

वृद्धाश्रमाच्या जिन्याखालचं कपाट उघडून तिने नवा नेटवर्क स्विच आवळून बसवला आणि फायरवॉलमधली एकेक केबल उपसून त्यात खोचायला लागली. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला. पलीकडे भाऊ.

"झालं की सरळ निघ. कुणाशी बोलत बसू नकोस. विचारलंच, तर नेहमीची देखभाल म्हणायचं."

"बरं."

धंदा दोघांचा, पण शेवटचा शब्द दादाचा. नव्या खोल्यांच्या बेल जोडायला फायरवॉलमध्ये जागा उरली नाही, तेव्हा ती म्हणाली होती, घरातल्या केबल जोडायला वेगळा स्विच घालू. दादाने फायरवॉललाच केबलच्या जादा खाचांचं कार्ड बसवलं. एकच डबा, एकच डोकेदुखी.

"अरे," तिने तेव्हा समजावलं होतं, "फायरवॉल म्हणजे बाहेरच्या इंटरनेटला अडवणारा दारावरचा वॉचमन. घरातले निरोपही त्यालाच पोचवायला लावतोयस. त्याचा डोळा लागला, तर घरातल्या घरात हाक जायची नाही."

दादा हसला होता. मग तिनेही विषय सोडून दिला.

गेल्या आठवड्यात भर दुपारी डबा बंद पडला. तो पुन्हा सुरू होईपर्यंत एकाही खोलीची बेल नर्सच्या टेबलावर वाजली नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या एक आजी बाथरूमच्या दाराशी पडल्या. कुणी पाहिलं तेव्हा फार उशीर झाला होता.

केबल लावून झाल्यावर बेल तपासत तपासत ती त्या खोलीत पोचली. दोन पलंग. एकावरची गादी गुंडाळलेली. दुसऱ्यावर आजींचे यजमान बसले होते.

"वायरिंगवाल्या ना तुम्ही? तो दिवा तेवढा घालवा, बाई. रात्रभर डोळ्यांत खुपतो. बिघडलाय म्हणतात."

रिकाम्या पलंगाच्या उशाशी, बेलच्या पट्टीवर लाल ठिपका जळत होता. तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"हा कधीपासून लागलाय, आजोबा?"

"ती गेली तेव्हापासून." म्हातारा गुंडाळलेल्या गादीकडे बघत राहिला. "हट्टी बाई. मी खाली न्हाव्यापुढे बसलो होतो. बटण उशाशी होतं, दाबायला काय जड होतं? पण नाही. कुणाला त्रास द्यायचा नाही! जन्मभर तेच केलं. खरं सांगू? तिला शेवटचं बघतानाही मला रागच आला होता."

खिशात फोन थरथरला. तिने तो काढला नाही.

"दिवा बिघडलेला नाही, आजोबा. बटण दाबलं की तो लागतो आणि कुणी येईपर्यंत जळत राहतो. आजींनी बटण दाबलं होतं. वाट पाहून मग त्या उठल्या असतील."

"मग आलं का नाही कुणी?"

"खाली बेल वाजलीच नाही. चूक आमची आहे. माझ्या भावाची आणि माझी."

आता तो ओरडेल, म्हणून ती उभी राहिली. तो ओरडला नाही. त्याने चष्मा काढला, न पुसताच पुन्हा लावला.

"म्हणजे तिने बोलावलं होतं."

"हो."

त्याने मान वळवून लाल ठिपक्याकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली.

"घालवायचा कसा?"

"हे हिरवं बटण. जो येतो त्याने दाबायचं. आलो, म्हणून." ती पुढे झाली.

"थांबा."

पलंगाची कड धरत तो उठला. दोन पलंगांमधलं ते एवढंसं अंतर पार करायला त्याला दोनदा थांबावं लागलं. मग त्याने बटण दाबलं. दिवा विझला.

त्याने बोट मात्र काढलं नाही.