मधलं वर्तुळ

तिसऱ्या दुर्बिणीतही मधलं वर्तुळ नव्हतं. बाहेरची वर्तुळं होती, कागदाचे कोपरे होते, कोपऱ्यांना मारलेल्या टाचण्यासुद्धा होत्या. मध्ये मात्र ओला अंगठा फिरवावा तसा करडा डाग. बाबांनी डोळा बाजूला घेतला, रुमालाने पुसला आणि पुन्हा लावला. डाग होता तिथेच होता.

"कशी आहे?" लेकीने विचारलं.

"बघतोय."

दुकानाच्या मागच्या गच्चीत तीन दुर्बिणी तीन ट्रायपॉडवर उभ्या होत्या. समोर मोकळं मैदान, आणि मैदानापलीकडे गोदामाच्या भिंतीवर दुकानदाराने निशाण्याचा कागद लावलेला, गोळीच्या मापाची भोकं पाडून. ती भोकं जिच्यातून स्वच्छ दिसतील ती दुर्बीण घ्यायची, इतका साधा मामला. लेक चटईवर पालथी झोपून लांब पल्ल्याचा निशाणा मारायची. बाबा शेजारी दुर्बिणीला डोळा लावून बसायचे आणि गोळी कुठे लागली ते सांगायचे. पुढची गोळी ती त्यांच्या शब्दावर मारायची. ती शाळेत होती तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

"हिच्यात कडेला रंग फुटत नाहीत, साहेब," दुकानदार म्हणाला. "याहून चांगली काच माझ्याकडे नाही."

गेल्या महिन्यात, निवडीच्या सामन्यात, बाबा म्हणाले होते, "उजवीकडे गेली." लेकीने नेम डावीकडे सरकवला आणि पुढच्या सगळ्या गोळ्या डावीकडे गेल्या. पहिली मधोमध लागली होती, हे कागद हातात आल्यावर कळलं. निवड हुकली. "दुर्बीणच जुनी झालीये," असं लेक म्हणाली आणि बाबांनी मान डोलावली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," खुर्चीत बसलेली आई म्हणाली. बाजाराची पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. "नेम चुकला तो चुकला. त्या बिचाऱ्या दुर्बिणीला कशाला नावं ठेवायची?"

"आई, मी बरोबर मारली होती गं. बाबांना दिसली नाही."

टोमणा लेकीला होता, पण लागला बाबांना. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ते एकटेच जाऊन आले होते. बाजूचं दिसत राहील, जिथे रोखून बघाल नेमकं तेवढं जाईल, आणि चष्म्याने भागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. डाव्या डोळ्याची तर उजव्याहून वाईट गत होती. घरी मात्र बाबा एवढंच म्हणाले, की डोळ्यांत थेंब घालायला सांगितलेत. लेकीच्या शेजारची ती चटईएवढी जागा सुटली तर आपण करायचं काय, हे त्यांना कळत नव्हतं.

"मग हीच घेऊ या का?" लेकीने विचारलं. "तुम्ही म्हणाल ती."

'हो' म्हणणं सोपं होतं. स्वच्छ आहे, एवढं म्हटलं की झालं असतं. पोरीने डोळे मिटून विश्वास ठेवला असता आणि पुढच्या सामन्यात पुन्हा त्यांच्या शब्दावर नेम सरकवला असता. बाबा दुर्बिणीपासून बाजूला झाले.

"अगं, तू ये इकडे," ते आईला म्हणाले.

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला नकोय. दिसायला हवंय."

मोतीबिंदू काढल्यापासून आईला घरातली यच्चयावत जळमटं दिसायला लागली होती आणि तिने सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. ती पिशवी खाली ठेवून, गुडघे सावरत आली. डोळा लावायच्या जागी रबराची कड होती. बाबांनी ती चाचपून खाली फिरवली. चष्मेवाल्या माणसाला ती खाली लागते. मग त्यांनी ट्रायपॉड तिच्या उंचीला उतरवला.

"साहेब, दुर्बीण वापरणार तुम्हीच ना?" दुकानदार गोंधळून म्हणाला.

"हिच्या चष्म्याला जमेल अशी द्या."

आईने डोळा लावला. "अगंबाई! भिंत पार अंगावरच आली की. आणि या टाचण्या बघा, गंजून गेल्यात."

"टाचण्या राहू देत. मधोमध बघ."

"मधोमध एक भोक आहे. त्याला चिकटून दुसरं."

"कुठल्या अंगाला?"

"उजव्या. जरासं खाली."

"बस. एवढंच सांगायचं," बाबा म्हणाले. "असेल तेवढंच. आणि नाही दिसलं तर..." त्यांनी दुर्बिणीची नळी हाताने चाचपली. "नाही दिसलं तर दिसलं नाही म्हणायचं. अंदाजाने बोलायचं नाही."

लेक दुर्बिणीकडे बघत नव्हती. ती बाबांकडे बघत होती. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर न टेकता कानाच्या बाजूला टेकली होती, आणि गेले कित्येक दिवस ती तिथेच टेकत होती, हे आत्ता तिच्या लक्षात आलं.

"बाबा?"

"जुनी दुर्बीण कुणाला देऊन टाकू नकोस," ते म्हणाले. "तिच्यात काही खोट नव्हती."

दुकानदार खोकं आणण्याच्या निमित्ताने आत गेला. हातातलं भिंगाचं झाकण लेक नुसतीच फिरवत राहिली.

आईचा डोळा अजून दुर्बिणीलाच होता.

"अहो, गप्प का झालात दोघं?" ती म्हणाली. "विचारा की काहीतरी. मला सगळं दिसतंय."