दर चार तासांनी

सुनेला वळण नव्हतं, एवढंच बेबीबाईचं म्हणणं होतं. सासऱ्याच्या गोळ्या कपाटात कुलूप लावून ठेवायच्या, कॅलेंडरवर वेळ लिहायची, आणि सासूच्या तळहातावर एकेक गोळी अशी ठेवायची, जसा काही समोर चोर उभा आहे. सारंगखेड्याजवळच्या या घरात चाळीस वर्षं केळीच्या बागेपासून मिठाच्या बरणीपर्यंत काहीही बेबीबाईला विचारल्याशिवाय हललं नव्हतं. आणि आता स्वप्नाली तिला घड्याळ दाखवत होती.

बेबीबाईच्या नवऱ्याच्या, दोधूआप्पांच्या तोंडाचा कॅन्सर गळ्यापर्यंत गेला होता. बोलणं बंद झालेलं. नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, दर चार तासांनी एक. वेळ चुकवायची नाही, आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी त्यानेच घ्यायची, असं त्यांनी सुनेला दोनदा बजावलं. सुनेने घरी येऊन सासूला चारदा बजावलं.

गोळी पाजायचं काम मात्र बेबीबाईने सोडलं नाही. त्यांची लाळ गळते, त्यांना सुनेसमोर लाज वाटते, असं सांगून ती दुधाची वाटी घेऊन आत जायची आणि दार ओढून घ्यायची. आप्पा तिच्याकडे टक लावून बघायचे. ती भिंतीकडे बघत चमचा पुढे करायची. पाच मिनिटांत वाटी रिकामी.

तिचं तोंड अजून चालायचं, पण नुसतं सवयीनं. आत काही हलायचं नाही. ओटा चढताना पूर्वी गुडघ्यावर हात जायचा, आता तेही भान नव्हतं. भाकरी थापता थापता डोळे मिटायचे. नवरा जाणार म्हणून बाई दगड झाली, असं शेजारची भिकुबाई म्हणायची. बेबीबाईने ते ऐकलं होतं. त्याचंही तिला काही वाटलं नव्हतं.

आप्पांना उतार पडेना. खाटेची कड धरून ते दिवसभर कण्हायचे. तुझ्या गोळ्यांत दम नाही, जास्त दे, असं बेबीबाई सुनेला ऐकवायची. स्वप्नाली स्वतःच्या मनाने अर्धी गोळीही वाढवायची नाही. ती डॉक्टरीणबाईंना विचारायची. महिन्याभरात त्यांनी दोनदा डोस वाढवला. तरी आप्पा कण्हतच होते.

तिसऱ्या वेळी स्वप्नाली कॅलेंडर घेऊनच नंदुरबारला गेली. एकही वेळ चुकली नव्हती. ते बघून डॉक्टरीणबाईंनी आणखी मोठी गोळी लिहिली. घरी आल्यावर स्वप्नालीने सासूला सगळं समजावून सांगितलं. आप्पांच्या अंगाला महिनाभराची सवय आहे म्हणून एवढा डोस देतात. ज्याने कधीच घेतली नाही, त्याला ही गोळी दिली तर झोपेतच श्वास थांबेल. म्हणून पहिली गोळी नीट लक्ष ठेवून द्यायची.

बेबीबाईने वाटीसाठी हात पुढे केला. सुनेने वाटी दिली नाही.

"आई, आज मी पाजसू. डॉक्टरनी सांगेल शे."

चाळीस वर्षं हाताने वाढलं त्या माणसाला, तू कोण मध्ये येणारी, असं बेबीबाई म्हणाली. आवाज चढला नाही. गोळी दुधात विरघळवून स्वप्नाली खाटेशी जाऊन बसली. आप्पांचे डोळे तिच्या हातावर खिळले. तिने चमचा भरला. आप्पांनी उघडता येईल तेवढं तोंड उघडलं.

बेबीबाईने उंबऱ्यावरून येऊन सुनेचं मनगट धरलं. दूध गोधडीवर सांडलं. आता शिव्या ऐकाव्या लागणार म्हणून स्वप्नालीने मान खाली घातली.

"तुन्हं बरोबर शे, बेटा," बेबीबाई म्हणाली. "ही गोळी त्यास्ले देजो नको. त्यास्ना पोटमा आजपावत एक बी गोळी जायेल नही. समद्या मीच खाद्यात."