तेलाचं झाकण

झाकण काही केल्या हलेना. विमानाच्या इंजिनातलं तेल बघायचं तर ते मुठीएवढं झाकण उघडायलाच हवं, आणि ते तर हट्टाला पेटलेलं. गनीभाई मेकॅनिक घामाघूम झाला होता. कोल्हारच्या पडीक रानात जमलेलं गाव सल्ले द्यायला मोकळंच होतं.

छबूबाईचं लक्ष मात्र आपल्या उसाकडं होतं. सकाळच्या खेपेत बाकीच्यांच्या उसावर औषध फवारून झालं, राहिला तो तिचाच तुकडा. पाकोळी किडीनं ऊस पार पिवळा पाडलेला. वारा सुटला की फवारणी बंद, आणि उद्या विमान दुसऱ्या जिल्ह्यात. वर्षाचं पीक त्या झाकणापायी अडकलं होतं.

बन्सी पैलवान भलामोठा पान्हा घेऊन सरसावला. गनीभाईनं त्याला तिथंच थोपवलं. जोर लावला तर खालची नळी मोडेल, मग विमान नांगराला जुंपा, म्हणाला. तेल न बघताच एक चक्कर मारू द्या, असंही कुणी सुचवलं. ते तर त्यानं साफ धुडकावलं. छबूबाईला राग आला, पण गडी खमक्या आहे, हेही तिला पटलं.

मग त्यानं झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. नाकाला लावलं, जिभेला लावलं. आणि हळूच छबूबाईकडं पाहिलं. तिच्या हातात अजून रिकामा तांब्या होता.

मग तिच्या सगळं ध्यानात आलं. एकाहत्तर सालची गुऱ्हाळं नुकतीच लागली होती, आणि पहिला रस यंत्राला नैवेद्य म्हणून दाखवायची तिच्या घरची रीत. सकाळी तेल भरून गनीभाई औषधाकडं वळला, तेव्हा इंजिनावरचं उघडं राहिलेलं छोटं दार हेच विमानाचं तोंड समजून तिनं तांब्याभर रस भक्तिभावानं ओतला होता. रस आतल्या बंद झाकणावर सांडला, इंजिन तापलं, रसाचा गूळ झाला, गुळानं झाकण धरलं. अगं बाई, आपल्याच हातानं आपलं वाटोळं! पण बोलावं तर वैमानिक साहेब चिडून तसेच निघून जातील.

गनीभाईनं गरम पाणी मागवलं. फडकं भिजवून झाकणाला गुंडाळलं, निवलं की पुन्हा भिजवलं. कडा स्वच्छ पुसल्या. मग दोन बोटांनी फिरवलं तसं झाकण निमूट निघालं.

"कशानं अडकलं होतं?" वैमानिक साहेबांनी दरडावलं.

"माझ्याच हातनं जास्त आवळलं गेलं, साहेब."

साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची बिनपाण्यानं केली. तो खाली मान घालून तेल बघत राहिला.

विमान उडालं. छबूबाईच्या उसावर औषध पडलं आणि तिला रडूच फुटलं. ती गनीभाईपुढं हात जोडून उभी राहिली.

"माझं पाप तुमी का घेतलं अंगावर?"

"आक्का, ह्या इंजिनाला जो तो शिव्याच घालतो," गनीभाई म्हणाला. "आज पहिल्यांदा कुणी त्याला घरातलं समजून जेवू घातलं. त्याला चूक म्हणायला माझी जीभच रेटली न्हाई."